शस्त्र लपलेली अक्षरं

चिनी भाषेत 'मी' म्हणजे 'वो'. हे अक्षर नीट पाहिलं तर त्याच्या उजव्या अंगाला 'ग' दिसतो. 'ग' हे तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं, शांग राजवटीच्या काळातलं शस्त्र. लांब लाकडी दांडा आणि टोकाशी काटकोनात बसवलेलं काशाचं पातं. आंबे काढायच्या आकडीला पातं लावलं तर साधारण तसं. शत्रूला अडकवून ओढायचं, नाहीतर घाव घालायचा.

यावरून एक वाक्य आयतं तयार होतं: 'चिनी माणूस मी म्हणतो तेव्हाही त्याच्या हातात शस्त्र असतं.' सीमेवर काही घडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर धावेल असं वाक्य.

पण 'वो' हे मुळात दातेरी पात्याच्या एका शस्त्राचं चित्र होतं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. 'मी' या शब्दाचा उच्चार त्याच्या जवळचा होता आणि 'मी'चं चित्र काढणार तरी कसं? म्हणून ते अक्षर उसनं घेतलं. शस्त्राच्या अर्थाशी देणंघेणं नाही. तैवान-हाँगकाँगमध्ये वापरतात त्या 'त्सांगज्ये' टायपिंग पद्धतीत 'ग' नेमका इंग्रजी 'आय'च्या कळीवर आहे. 'आय' म्हणजे मी! यातूनही कुणी सिद्धांत काढू शकेल.

'देश' या अर्थाचं अक्षर, 'ग्वो', आणखी मोहात पाडणारं आहे. जुन्या रूपात चारी बाजूंनी तटबंदी आणि आत 'ग' घेऊन राखलेली जमीन. १९५६ साली चीनने लिपी सोपी करताना आतलं शस्त्र काढलं आणि तिथे 'रत्न', म्हणजे जेड, बसवलं. चिनीत एक वाक्प्रचारही आहे: ढाल आणि 'ग' यांचं जेड आणि रेशीम करणं, म्हणजे वैर मिटवून सलोखा करणं. अक्षरात तरी ते झालं होतं. सहाच वर्षांनी, १९६२ साली, चीनशी आपलं युद्ध झालं. आणि तैवान आजही 'देश' लिहिताना आत शस्त्र ठेवतो.

माझं सगळ्यात आवडतं अक्षर 'ज्ये'. दोन हातांनी धरलेला 'ग', म्हणजे पहारा. पुढे अर्थ सरकला: सावध राहणं, मग स्वतःला आवरणं. आज सिगारेट सोडण्यालाही हेच क्रियापद लागतं. बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा 'शील' या शब्दासाठी हेच अक्षर निवडलं गेलं. आपल्याकडे विहारात म्हणतात ते पंचशील तिथे पाच 'ज्ये' झालं. पहिलंच शील प्राणिहिंसा न करण्याचं, आणि ते लिहायला शस्त्र लागतं!

आणि 'वू', म्हणजे युद्धकला, शौर्य. यात 'ग' आहे आणि सोबत आज 'थांबणं' असा अर्थ असलेलं अक्षर. 'झ्वो च्वान' या प्राचीन इतिहासग्रंथात एक प्रसंग आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये छू राज्याच्या च्वांग राजाने जिन राज्याच्या सैन्याचा पराभव केला. विजयाची आठवण म्हणून शत्रूच्या प्रेतांचा ढीग रचून त्यावर टेकडी उभारावी, असं एका सरदाराने सुचवलं. राजा नाही म्हणाला. त्याचं म्हणणं, शस्त्र थांबवणं म्हणजेच 'वू'.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने राजा चुकला होता. हाडांवर कोरलेल्या जुन्या लेखांत ते दुसरं चिन्ह म्हणजे पाऊल आहे. शस्त्र घेऊन चाल करून जाणं, हाच 'वू'चा मूळ अर्थ असावा. पण त्या दिवशी प्रेतांची टेकडी झाली नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या वाक्यात 'शस्त्र आहे' एवढा तपशील बरोबर असतो, आणि तो शेजाऱ्याचा द्वेष करायला वापरला जातो. राजाची व्युत्पत्ती चुकीची होती आणि तिने मेलेल्या शत्रूची विटंबना थांबवली. मला यातला राजा जास्त शहाणा वाटतो.