पट्टी

मंगळवार पेठेतल्या इतर गणपतींच्या मानाने आमच्या गल्लीचा गणपती लहान. मांडव लहान, वर्गणीही लहान. पण आमच्याकडे अण्णांची पेटी होती, आणि एवढ्या एका गोष्टीवर आम्ही सगळ्या कोल्हापूरला तुच्छ लेखत असू!

अण्णा उद्यमनगरात लेथवर कामाला होते. दिवसभर लोखंड कातायचे आणि संध्याकाळी त्याच बोटांनी सूर शोधायचे. आरती आटोपली की जुन्या धोतरात गुंडाळलेली पेटी घेऊन ते मांडवाच्या कडेला चटईवर बसत. निमंत्रण नाही, बिदागी नाही. एक नारळ आणि कपभर चहा. पावसाळी हवेने लाकूड फुगे, दाबलेली पट्टी वर येत नसे. ती नखाने उचलून अण्णा पुढे वाजवीत. अभंग, नाट्यपद, कुणी हट्ट धरला तर सिनेमातले गाणेही. गल्लीत कोण कोणत्या पट्टीत गातो हे त्यांना तोंडपाठ होते.

सातवीत असताना मी त्यांच्या साथीवर पहिल्यांदा गायलो. मध्येच सूर सुटला. छातीत धस्स झाले. पण अण्णांनी क्षणात पेटीच माझ्या मागोमाग आणली, आणि मी घसरलो होतो तिथेच जणू गाणे जाणार होते, असे सर्वांना वाटले. टाळ्या पडल्या. चूक फक्त आम्हां दोघांना ठाऊक!

पेटीने अपमान काही थोडा सोसलेला नाही. तिचे सूर बांधलेले, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढले. दार किलकिले व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी जिला मानाला चढवले, त्या पेटीने हे हद्दपारीचे दिवस कीर्तनात, भजनात आणि अशाच मांडवांत काढले. तिथून मात्र तिला कुणी उठवले नव्हते.

ते काम गेल्या वर्षी आम्ही केले. मंडळाच्या बैठकीत साउंड सिस्टिमचा विषय निघाला. कॉलेजकुमार म्हणून मीही नवा सभासद होतो. हात वर करा म्हटल्यावर मी केला. अण्णांना कुणीच “येऊ नका” म्हटले नाही. फक्त चटईच्या जागी स्पीकरची भिंत उभी राहिली. पहिल्या संध्याकाळी अण्णा पेटी घेऊन आले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत फिरले. मी पाहिले, आणि वायर बांधण्यात फार गुंतलो आहे असे दाखवले.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो. तिसऱ्या रात्री तो बंद झाला आणि कान बधिर करणाऱ्या त्या शांततेत बोळाच्या टोकाकडून बारीकसा सूर आला. अण्णा दार लोटून एकटेच वाजवीत होते.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. म्हटले, “अण्णा, चुकलं.”

भाता थांबला नाही. “त्ये ऱ्हाऊ दे. पट्टी सांग.”

“काळी चार.”

“ती ल्हानपनी. आता काळी एक.” अण्णा हसले. “परवा मिरवणुकीत मोरया मोरया बोंबलत हुतास न्हवं? तवाच कळलं.”

एवढ्या गोंगाटात त्यांनी माझा आवाज निवडून काढला होता. आणि मला मात्र समोर उभे असलेले अण्णा दिसले नव्हते!

यंदाच्या बैठकीत चटई पुन्हा टाकावी असा ठराव मी मांडणार आहे. किती हात वर होतील, सांगता येत नाही. निदान एक हात गेल्या वर्षीचाच असेल. पण या खेपेस त्याला कशासाठी वर व्हायचे ते माहीत असेल.