तेल तापतंय

६ जुलै
मी बांधलेल्या विमानाच्या उड्डाणांचा चौदावा तास. सकाळी साडेसातलाच बाहेर ८४ फॅरनहाइट. ३००० फुटांवर पोचेतो तेल २३२ वर गेलं. लायकमिंग इंजिनाची लाल रेघ २४५ ला. नाक खाली केलं, पॉवर ओढली, वेग वाढू दिला, तेव्हा कुठे २२५. उतरलो तर तळहात ओले. टेक्सासच्या जुलैत ते कुणाचेही होतात, असं घरी हिला सांगितलं.

कोडं असं की चारही सिलिंडरची डोकी ३७० च्या आत आहेत. म्हणजे इंजिन तापत नाही, नुसतं तेल तापतंय.

७ जुलै
पहिली आशा अर्थातच ही, की मापक खोटं बोलतंय. तेलाचा सेन्सर काढला, वायर जोडलेली ठेवून उकळत्या पाण्यात सोडला. स्क्रीनवर २११. आमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ६०० फूट उंच, तिथे पाणी २११ लाच उकळतं. मापक खरं निघालं, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

पातेलं दुधाचं होतं. ते आता हँगरमध्येच राहील, असा घरून निकाल आला आहे.

९ जुलै
व्हर्नाथर्म काढला. बोटाएवढी पितळी वस्तू. तेल थंड असेतो त्यातलं बरंचसं कूलरला वळसा घालून जातं. १८५ च्या सुमारास याचा दांडा पुढे सरकून ती आडवाट बंद करतो आणि सगळं तेल कूलरमधून जाऊ लागतं. पुन्हा तेच पातेलं. पाणी तापलं तसा दांडा गोगलगाईच्या शिंगासारखा बाहेर आला. टोकावर बैठकीची खूण गोल, कुठे तुटलेली नाही. हाही निर्दोष.

शेजारच्या हँगरमधल्या आजोबांनी आतापर्यंत तीन विमानं बांधली आहेत. त्यांचं मत : मोठा कूलर बसव. दुसऱ्या एकाचं : मिनरल तेल काढून टाक. इंजिन नवं आहे, रिंगा बसायच्या आहेत, तेल आत्ता बदलणार नाही. कूलरचा मात्र मोह झाला. किंमत पाहून ओसरला.

१० जुलै
पुण्याहून दादाचा फोन. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव माहीत झाल्यापासून माझा उद्योग त्याला निव्वळ वेडेपणा वाटत नाही. सगळं ऐकून म्हणाला, "अरे, खंबाटकीत गाडी तापली की बाबा आधी काय बघायचे? रेडिएटरपुढे काही अडकलंय का ते." मी म्हटलं, "पुढे काही नाहीये रे." फोन ठेवल्यावर वाटलं, पुढचं पाहिलं, पण बाजूने?

१२ जुलै, रात्री
हँगरचे दिवे मालवले. खालच्या काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनाच्या आवरणात, कामाचा बल्ब ठेवला आणि पुढच्या हवेच्या तोंडातून आत डोकावलो. विमानात हवा पुढून शिरते, इंजिनाच्या वर कोंडते आणि फटीफटींतून खाली उतरते. जिथून उजेड वर येईल, तिथून हवा फुकट खाली जाते.

सिलिंडरच्या पंखांतून उजेड झिरपत होता, तो हवाच. रबरी पट्ट्या ठीक. पण डावीकडे मागे, चार नंबरच्या सिलिंडरमागे, कूलरच्या कडेने उजेडाची लांब, सरळ रेघ! हवा अडवणाऱ्या बॅफलचा पत्रा तडकू नये म्हणून गेल्या हिवाळ्यात मीच कूलरखाली वॉशर घातले होते. दोन मिलिमीटरची फट, पुरी चौकट. हवा कशाला त्या बारीक जाळीतून अंग चोरत जाईल? ती बाजूने निसटत होती.

त्या वॉशरांचा फोटोही आहे माझ्याकडे, कौतुकाने काढलेला.

१३ जुलै
वॉशर तसेच ठेवले. चौकटीला उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन भरलं, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून कडा सपाट केली. रात्रभर वाळू द्यायचं आहे.

१५ जुलै
बाहेर ८६, म्हणजे सहा तारखेपेक्षा दोनने जास्त. चढताना २१८, सरळ उडताना २०४. हवं असलेलं १८० अजून नाही. दुपारी १०० अंशांत उडण्याचं धाडस आज केलं नाही. काउलिंग काढून पाहिलं : सिलिकॉन एका कोपऱ्यात नखभर सुटलंय.