कालवाचे दोन पत्ते

साहित्याचे वर्ग पाडण्यात आम्हा प्राध्यापकांची हयात जाते. म्हणूनच समुद्रजीवांचे हे वर्गीकरण मला मोह घालते. येथे कूळ विचारत नाहीत, वास्तव्य विचारतात. प्रवाहासोबत वाहणारे ते प्लवक, प्रवाहाला न जुमानता पोहणारे ते तरणक, तळाशी राहणारे ते नितलस्थ. 'प्लँक्टन' ही संज्ञा व्हिक्टर हेन्सेनने १८८७ मध्ये योजली. तिचा ग्रीक अर्थ 'भटकणारा'. त्याच धातूचे रूप 'ओडिसी'च्या दुसऱ्याच ओळीत येते. उरलेल्या दोन वर्गांची नावे एर्न्स्ट हेकेलने १८९० साली दिली. जेलीफिश पोहतो खरा, पण प्रवाहापुढे त्याचे काही चालत नाही; म्हणून तो प्लवकच, मग आकाराने केवढाही असो.

कोकणच्या खडकांवरील कालव घ्या. त्याचे डिंभ दोन-तीन आठवडे पाण्यात वाहत असतात, मग टणक आधार शोधून जन्मभरासाठी चिकटतात. आधी प्लवक, नंतर नितलस्थ. शास्त्राला त्यात वावगे काही वाटत नाही. आमच्या अभ्यासक्रमात मात्र एकदा 'ग्रामीण' ठरलेला लेखक पुढे आयुष्यभर शहराविषयी लिहो, 'ग्रामीण'च राहतो. परवा एका विद्यार्थिनीने अशाच एका लेखकाच्या मुंबईवरील कथेत मातीचा गंध शोधला. तिला तो सापडलाही.