जॅकेटमधला स्पंज आणि भाच्याचे गुडघे

शनिवारी सकाळी मांडव्याला रो-रो लागली की मुंबईचे बाइकवाले उतरतात. जाडजूड जॅकेटं, खांद्याला फुगवटे, गुडघ्यांना वाट्या. टपरीवर चहा पिताना आपण हसतो, "एवढ्या उकाड्यात हे सोंग कशाला?" मीही हसायचो. मागच्या पावसाळ्यापर्यंत.

बातमी करून घरी येत होतो. वळणावर खडी पसरलेली. वेग असेल पस्तीस-चाळीस. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण उजवा गुडघा थेट डांबरावर आपटला. वाटीला तडा गेला. सहा आठवडे प्लास्टर. आमच्यासारख्यांचं मानधन बातमीमागे, त्यामुळे सहा आठवडे तेही बंद.

वीस वर्षं मी अपघाताच्या बातम्या देतोय. 'दुचाकीस्वार ठार' असेल तर दोन कॉलम, 'किरकोळ जखमी' असेल तर शेवटची ओळ. त्या 'किरकोळ'मध्ये काय काय असतं ते तेव्हा कळलं. अजूनही जिना उतरताना कठडा धरतो.

म्हणून भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, आर्मरवालं जॅकेट मागवलंय," तेव्हा हसलो नाही. तो शिफ्टला जातो. अलिबागवरून कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, आणि रात्री तोच रस्ता परत. मी म्हटलं, घेऊन ये, पण आधी आतला माल बघू.

ओटीवर बसून जॅकेटचे खिसे उघडले. खांद्याला आणि कोपराला बरे पॅड निघाले. पाठीच्या खिशात मात्र नुसता स्पंज, गादीत असतो तसा. दोन बोटांनी दाबला तर बोटं एकमेकांना लागली. जाहिरातीत लिहिलेलं, 'बॅक पॅडसह'. खोटं काहीच नाही! पॅड आहेच की.

मित्रांनो, ही एक गोष्ट लक्षात ठेवा. जॅकेट घेताना रंग नंतर बघा, आधी पॅड बाहेर काढून त्याच्यावरचा छाप वाचा. हात-पाय, खांद्याच्या पॅडसाठी युरोपचं मानक आहे ईएन 1621-1, पाठीसाठी ईएन 1621-2. आकडा नाही, नुसतंच 'सीई' छापलंय, तर दुकानदाराला विचारा कशाचं सीई. अक्षरंही असतात. एस म्हणजे खांदा, ई म्हणजे कोपर, के म्हणजे गुडघा. पाठीला एफबी म्हणजे पूर्ण पाठ, सीबी म्हणजे फक्त मधला भाग.

मग येते लेव्हल. चाचणीत साधारण 5 किलोचं वजन एक मीटरवरून पॅडवर पडतं आणि पॅडच्या खाली किती जोर पोचला ते मोजतात. हाता-पायाच्या पॅडला लेव्हल 1 मध्ये सरासरी 35 किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल 2 मध्ये 20 पर्यंत. पाठीला नियम कडक, लेव्हल 1 ला 18 आणि लेव्हल 2 ला 9. म्हणजे पाठीचं लेव्हल 2 पॅड लेव्हल 1 च्या निम्मा जोर आत सोडतं.

मग डोळे झाकून लेव्हल 2 घ्यावं? आपल्याकडे थांबून विचार करावा लागतो. हे पॅड बरेचदा जाड असतं, आणि मे महिन्यात दुपारी पोयनाडच्या पुढे घामाने जीव नकोसा होतो. चार दिवस घालाल, पाचव्या दिवशी जॅकेट खुंटीला. खुंटीवरच्या लेव्हल 2 पेक्षा अंगावरचं भोकाभोकांचं लेव्हल 1 बरं. दुसरं म्हणजे, मऊ पॅड उष्णतेने आणखी मऊ पडतात. छापावर 'टी प्लस' असेल तर ते 40 अंशांनाही तपासलेलं असतं. कोकणातल्या माणसाने ही खूण शोधावीच.

तिसरी गोष्ट मापाची. पॅड चांगलं असून उपयोग नाही, पडताना ते हाडावर राहिलं पाहिजे. जॅकेट घालून कोपराचं पॅड हाताने फिरवून बघा. गरकन फिरलं तर रस्त्यावरही फिरणार. गुडघ्याचं पॅड दुकानात उभं राहून बघू नका, गाडीवर बसून बघा. पाय दुमडला की ते सरकतं. आणि नुसतं पाठीचं पॅड मागवत असाल तर आधी जॅकेटचा खिसा टेपने मोजा.

भाच्याकडे पैसे मोजकेच. म्हणून क्रम लावला. खांद्या-कोपराचे पॅड आहेत ते ठेवले. पाठीचा स्पंज काढून तिथे लेव्हल 2, कारण पाठीला पॅड तेवढं एकच. गुडघ्याला पट्ट्यांचे वेगळे गार्ड, रोजच्या पँटवर बांधता येतील असे. ते त्याला आवडले नाहीत. "मामा, कंपनीत पोरं हसतील." मी पँट वर करून माझा गुडघा दाखवला. घेतले.

आर्मर म्हणजे जादू नव्हे. तो आपटण्याचा मार कमी करतो. सोलटणं वाचवायचं काम वरच्या कापडाचं. ट्रकखाली गेल्यावर कुठलंच पॅड कामाचं नाही. आणि पहिला खर्च हेल्मेटचाच, आयएसआयवालं, पट्टा लावून. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली साडेचव्वेचाळीस टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसलेली 50 हजारांवर. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत.

कायदा हेल्मेटपाशी थांबतो. पुढचं आपणच बघायचं. कारखान्याच्या गेटवर बूट नि टोपी नसेल तर आत सोडत नाहीत, पण त्याच गेटपर्यंत कामगार उघड्या कोपरांनी येतो. पार्सलवाली पोरं तर दिवसभर रस्त्यावरच.

आणि आता मंडळांना एक विनंती. शिवजयंतीला आपली पोरं रायगडावरून ज्योत आणतात. रात्रीचा घाट, धावणाऱ्यांच्या मागेपुढे बाइक, अंगात मंडळाचा टी-शर्ट. यंदा टी-शर्टच्या पैशातून थोडे वाचवून बाइकवाल्या पोरांसाठी गुडघ्या-कोपराचे गार्ड घ्या. मंडळाच्या कपाटात ठेवा, दरवर्षी वापरा. कोणी म्हणालं की हे घाबरटांचं काम, तर त्याला प्रतापगडाची आठवण करून द्या. 1659 साली अफझलखानाला भेटायला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं. महाराजांना घाबरट म्हणायची कोणाची छाती आहे?

भाचा काल रात्रपाळीला गेला. गार्ड बांधूनच. मी ओटीवरून बघितलं.