साहेब, दोनच मिनिटं, अपडेट चाललंय!

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत गेली काही वर्षं सरकारी बैठका, सादरीकरणं आणि जनसुनावण्या कव्हर करताना सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पडद्यावर निळा रंग, गोल फिरणारे ठिपके, ‘तीस टक्के पूर्ण’, आणि समोर पन्नास माणसं ताटकळत बसलेली. यावर विनोद खूप होतात, आपण हसतो आणि घरी जातो. पण हे कुणाच्या वेळेवर चालतं, ते आज जरा सविस्तर लिहितो.

एका बैठकीचं सांगतो. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण हे कुठेही घडतं. विषय पाण्याचा. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांचे सेक्रेटरी आणि चाळींतल्या बायका नेहमीची लोकल सोडून, अर्धी रजा टाकून आले होते. बैठक अकराची, सभागृह एकपर्यंत मिळालेलं. लॅपटॉप उघडला आणि अपडेट सुरू झालं. ते संपलं तर प्रोजेक्टरवर चित्र येईना. ते आलं तर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं. आकडे तेवढे सरळ, पण ते कुठल्या भागाचे हे कळायला मार्ग नाही. साहेब कॉम्प्युटर ऑपरेटरवर डाफरले. तो बिचारा कंत्राटी पोरगा. मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्डही त्याच्याकडे नव्हता. सादरीकरण उरकेपर्यंत पावणेएक झाला. मग माइकवरून सांगितलं, ‘प्रश्न लेखी द्या.’ मागच्या रांगेतल्या एक मावशी मला म्हणाल्या, ‘दादा, आमचं पाणी त्या डब्यात अडकलं की हो.’

आता हे होतं का, ते बघू.

मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजची सुरक्षा अपडेट सोडतं. तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र असते, म्हणजे बुधवारी सकाळी ऑफिसचा पीसी चालू झाला की ती खाली उतरायला लागतात. त्यातून बैठकीचा लॅपटॉप बहुतेक ठिकाणी कपाटात कुलूपबंद असतो. तो निघतो तो बैठकीच्या दिवशीच. नेट मिळालं की साठलेली सगळी अपडेट एकदम मागायला लागतो. यात मशीनचं चुकत नाही, ते नेमून दिलेलं काम करतं. आदल्या संध्याकाळी कुणी ते तासभर चालू ठेवलं असतं, तर सकाळी ही वेळच आली नसती.

दुसरं, मशीनचं वय. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी पीसी अधिकृतपणे ११ वर जाऊच शकत नाहीत. मी जातो त्या कार्यालयांत अजून विंडोज १० दिसतं, कुठे कोपऱ्यात विंडोज ७ पण दिसतं, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलाय. याच मशीनवर तुमच्या-आमच्या मालमत्ता कराची, पाणीबिलाची माहिती असते. म्हणजे इथे प्रश्न गैरसोयीपुरता राहत नाही, सुरक्षेचाही होतो.

तिसरं, आपली मराठी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी डीटीपीच्या काळातले जुने फॉन्ट, कृतिदेव वगैरे, अजून टेबलाटेबलांवर आहेत. या फॉन्टमध्ये ‘पाणी’ लिहिलं तरी मशीन ते इंग्रजी कीबोर्डची अक्षरं म्हणूनच साठवतं, वर फक्त मराठीचा मुखवटा असतो. दुसऱ्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडतो. पेपरात काम केलेल्या प्रत्येकाला हे पाठ आहे. पण लोकांसमोर आकडे मांडणाऱ्या कार्यालयाला २०२५ नंतरही हे माहीत नसेल, तर कुणीतरी विचारायलाच हवं.

आणि बंद पडायचं तर कुणाचंही पडतं. २० एप्रिल १९९८ ला शिकागोच्या प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चालू होतं. स्कॅनर जोडला आणि सगळ्या जगासमोर निळी स्क्रीन! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे झाले. आपल्या देशातल्या विमानतळांवर तेव्हा हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पण नीट बघा, विमानतळावर कुणी प्रवाशांना ‘लेखी द्या’ म्हणून घरी पाठवलं नाही. पेन काढलं आणि काम पुढे नेलं.

माझा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे मशीन बंद पडलं की माहितीच बंद पडते, कारण ती त्या स्लाइडवर सोडून लोकांसाठी दुसरीकडे कुठेच नसते. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासक होते, नगरसेवक नव्हते. सभागृहात आपल्यासाठी भांडायला कुणी नाही, अशा काळात असली सादरीकरणं आणि सुनावण्या हीच तोंडावर प्रश्न विचारायची जागा होती. तिथला एक तास अपडेटने खाल्ला, तर तो साहेबांचा तास जात नाही, तुमचा जातो.

म्हणून चार साध्या गोष्टी मागूया. यातल्या एकीलाही टेंडर लागत नाही.

१) सादरीकरण आदल्या दिवशी वेबसाइटवर टाका, पीडीएफ करून. पीडीएफमध्ये फॉन्ट आत जातो, अक्षरं फुटत नाहीत, आणि घरी मोबाइलवर वाचून माणूस तयारीने येतो.

२) मुख्य आकड्यांचा एक कागद छापून दारात ठेवा. लाइट गेली तरी तो वाचता येतो.

३) आदल्या संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर एकदा लावून बघा. आणि ऑपरेटरला ओरडायचं असेल तर आधी त्याला पासवर्ड द्या.

४) प्रश्नांची वेळ आधी जाहीर करा. मशीनमुळे उशीर झाला तर सादरीकरण कापा, लोकांचे प्रश्न कापू नका.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ तर सांगतंच की कार्यालयांनी माहिती स्वतःहून, कुणी मागायच्या आधी, लोकांसमोर ठेवली पाहिजे. त्यामुळे हे मागताना कुणी उपकार करतंय असं वाटून घ्यायचं कारण नाही.

पुढच्या वेळी तुमच्या सोसायटीला असल्या बैठकीचं पत्र आलं, की चहाची व्यवस्था आहे का ते नंतर विचारा. आधी विचारा, ‘साहेब, पीडीएफ कधी पाठवताय?’