मूठ आणि वाटी

लग्न होऊन मी नागपूरला आले त्याला यंदा अकरा वर्षे झाली. माहेर सांगलीचे. नव्या नवलाईचे दिवस. सासूबाई म्हणाल्या, "गोकुळपेठेत जाऊन राहिलीस तर दोन जुड्या सांबार आणशील." मी बुचकळ्यात पडले. सांबार आणि जुडीने? इडलीबरोबरचे सांबार आणायला डबा न्यावा की काय, असा विचार करीत मी भाजीवाल्यापुढे उभी! इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हा माझा नागपुरातला पहिला शोध. तो सांगितला तेव्हा आई पोट धरधरून हसल्या होत्या.

पण त्यानंतरचे शोध मी त्यांना कधी सांगितलेच नाहीत. सकाळी शाळेत तीन तास मराठी शिकवायचे, घरी आल्यावर मुलांचे डबे, अभ्यास. कोणाला विचारीत बसायला वेळ कुठला? आईने लग्नात 'रुचिरा' दिली होती. कमलाबाई ओगल्यांचे हे पुस्तक १९७० साली निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नवख्या मुलींना सावरून गेले. मलाही सावरले. मग हातात मोबाईल आला आणि खजिनाच उघडला! दुपारी सगळे झोपले की मी शोधत बसे. एकदा तर लक्ष्मीबाई धुरंधरांचे शंभरावर वर्षांपूर्वीचे 'गृहिणीमित्र' सापडले. हजार पाकक्रिया, त्याही घरबसल्या! मी अगदी हरखून गेले.

गेल्या थंडीत ह्यांना गोळाभाताची आठवण झाली. गोळाभात म्हणजे आमच्या विदर्भाचे खास पक्वान्न. माझ्या माहेरी तो कोणी केलेला नव्हता. मी एका बाईंची चित्रफीत तीनदा पाहिली, तसेच्या तसे केले. ताटात वाढले तर गोळा फुटेचना! मुलगा म्हणाला, "आई, याने क्रिकेट खेळू का?" सगळे हसले. आई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गोळा बाजूला सारला, भात तेवढा ताकाबरोबर खाल्ला आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात शेजारच्या काकूंशी बोलणे चालले होते. "आता मले कोण विचारते बाई. सगळं त्या मोबाईललेच येते."

मी दारातच थबकले. खरं सांगू? आधी रागच आला. एवढी मरमर करते, तरी बोलणी! पण रात्री झोप लागेना. आई हल्ली स्वयंपाकघरात फिरकत नव्हत्या, त्याला मी आराम समजत होते. परक्या बाईचे बोलणे मी तीनदा ऐकले, आणि दहा पावलांवर बसलेल्या बाईला एकदाही विचारले नाही.

रविवारी धीर करून म्हटले, "आई, माझे गोळे दगडासारखे का झाले हो?"

"त्या मोबाईलले विचार." त्यांनी मान वर केली नाही.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते तर मागून आवाज आला, "पीठ कोणतं घेतलं होतंस?"

"बेसन."

"अगं माय! बेसनाची भजी होतात. गोळ्याले भरडा लागते."

आणि त्या आत आल्या. हरभऱ्याची डाळ रव्यासारखी जाडसर दळली की कणाकणांत फट राहते. त्यातून वाफ आत शिरते, गोळा आतपर्यंत शिजतो आणि हलका होतो. बारीक बेसन लगद्यासारखे चिकटून बसते. एवढे साधे होते!

"भरडा किती घ्यायचा?"

"चार मुठी."

मी म्हटले, "आधी वाटीत टाका ना, मला लिहायचंय." त्यांनी मूठ भरली. हात थरथरत होता, बोटांतून भरडा सांडला. त्या मुठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मूठ लहान झाली माही." प्रत्येक मुठीवर त्यांनी वरून चिमूटभर घातले. चार मुठी झाल्या आणि दोन वाट्या काठोकाठ भरल्या. हाताला जे जमेना ते डोळ्यांना अजून ठाऊक होते. मी वहीत 'दोन वाट्या' लिहिले खरे, पण अक्षर जरा वेडेवाकडेच आले.

तुमच्यासाठी इथेही लिहिते. दोन वाट्या भरड्याला चार चमचे कडकडीत तेलाचे मोहन. तिखट, मीठ, हळद, हिंग, थोडा ओवा आणि बारीक चिरलेला 'सांबार'. पाण्याचा हबका मारून घट्टसर भिजवा, पंधरा मिनिटे झाकून ठेवा. लिंबाएवढे गोळे हलक्या हाताने वळा, दाबू नका. दोन वाट्या तांदळाचा भात लावा. पाणी आटत आले की वर गोळे मांडा, झाकण घालून पंधरा-वीस मिनिटे मंद वाफ द्या. वाढताना गोळा भातात कुस्करायचा, वर मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची तेलाची फोडणी सढळ हाताने. मिरची आपल्या जिल्ह्यातली भिवापूरची असेल तर उत्तमच! पूर्वी इकडे जवसाचे तेल घेत, असे आई म्हणतात. सोबत चिंचेचे सार हवेच.

मोबाईल मी टाकून दिलेला नाही हं! धुरंधरबाईंचे पुस्तक आता मी आईंना मोठ्याने वाचून दाखवते आणि त्या मध्येच म्हणतात, "हं, हे आमच्याकडे असं नाही करत." ते मी लगेच वहीत उतरवते. संध्याकाळी वही वाचून घेतात आणि हटकून विचारतात, "हिंग लिहिला का?"

तुमच्याही घरात असे कोणी दहा पावलांवर बसले असेल. एकदा विचारून तर बघा. पहिल्यांदा उत्तर फटकळ आले तरी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबा.

येत्या रविवारी आमच्याकडे पुडाच्या वड्या आहेत. वहीत पान आखून ठेवले आहे.