गावातल्या लीजन हॉलला वाकता येणारी माणसं हवी आहेत



एप्रिल लागला की आपल्या सगळ्या ग्रुपांवर दोनच विषय असतात. पाडव्याचा कार्यक्रम कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये आहे, आणि जूनची भारताची तिकिटं किती महागलीत. आज मी तिसरा विषय काढतेय. पोस्ट जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

तुमच्या गावात एक बसकी, साधी इमारत असेल. समोर खांबावर झेंडा, अंगणात एखादी जुनी तोफ आणि बाहेरच्या पाटीवर "शुक्रवारी फिश फ्राय, सगळ्यांचं स्वागत". किराणा आणायला जाताना आपण रोज तिच्यावरून जातो. ती बहुतेक वेळा अमेरिकन लीजनची नाहीतर व्हीएफडब्ल्यूची, म्हणजे माजी सैनिकांच्या संघटनेची शाखा असते. इथे शाखेला 'पोस्ट' म्हणतात. लीजन १९१९ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. पहिलं महायुद्ध संपलं होतं आणि घरी परतायची वाट बघत बसलेल्या सैनिकांनी ती काढली. व्हीएफडब्ल्यूची मुळं तर १८९९ पर्यंत जातात.

ती पाटी वाचून आपल्या मनात पहिला विचार येतो, "हे आपल्यासाठी नाही." साहजिक आहे. आपल्यातले बहुतेक जण कामाच्या व्हिसावर आलेले, घरात कोणी इथल्या सैन्यात नाही. शिवाय आत गेलो आणि सगळ्यांनी वळून बघितलं तर? ही धास्ती मलाही होती, अजूनही नव्या ठिकाणी जाताना थोडी असतेच.

आम्ही न्यू जर्सीतल्या एका लहान गावात राहतो. आमचा त्या हॉलशी संबंध आला तो लेकीच्या स्काउट ट्रूपमुळे. मे महिन्यात ट्रूपकडून निरोप आला: मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी सिमेट्रीत सैनिकांच्या कबरींवर झेंडे लावायचे आहेत, पोस्टला मदत हवीय. त्या वेळी माझे सासू-सासरे भारतातून आले होते. घरी बसून कंटाळलेले बाबा म्हणाले, "मीपण येतो."

तिथे गेल्यावर मदत का हवीय ते डोळ्यांनी दिसलं. पोस्टचे आठ-दहा जण होते, बहुतेक व्हिएतनामच्या काळातले, म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढचे. कोणाच्या हातात काठी, कोणाचा गुडघा बदललेला. कुठल्या ओळीत कोणाची कबर आहे हे त्यांना पाठ होतं. पण छोटा झेंडा जमिनीत रोवायचा तर वाकावं लागतं. एकदा नाही, शेकडो वेळा. एक आजोबा लेकीला म्हणाले, "मी नाव वाचतो, तू वाक."

मंडळी, एवढंच काम आहे. आणि ते करायला माणसं कमी पडतायत.

आमची लेक तासाभरात बऱ्याच गोष्टी शिकली. कबरीशेजारी धातूचा एक छोटा बिल्ला रोवलेला असतो. त्यावरून तो माणूस कुठल्या युद्धात होता ते कळतं, आणि झेंडाही त्यातच खोचतात. यादवी युद्धातल्या जुन्या सैनिकांच्या बिल्ल्यावर चांदणी असते. बिल्ला नसेल तिथे दगडापासून थोडं अंतर ठेवून झेंडा रोवायचा. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सिमेट्रीत सैनिक हे अंतर आपल्या बुटाच्या लांबीनं मोजतात. तिथे दरवर्षी दोन लाखांहून जास्त झेंडे काही तासांत लागतात. गावच्या सिमेट्रीत मात्र हेच काम स्काउटची पोरं आणि म्हातारी माणसं करतात.

परत येताना लेकीनं गाडीत विचारलं, "आजोबा, आपल्यातलं कोणी होतं का तिकडे?"

बाबा मूळचे रायगडच्या माणगावजवळचे. त्यांनी तिला यशवंत घाडग्यांची गोष्ट सांगितली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा मुलगा, मराठा पलटणीत नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. एकटे घाडगे सोडून सगळे पडले, कोणी मेले, कोणी जखमी झाले. ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकला, बंदुकीतल्या गोळ्या संपल्यावर तीच बंदूक दांडक्यासारखी चालवली, मोर्चा बंद पाडला आणि तिथेच लपलेल्या नेमबाजाच्या गोळीनं गेले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलंय, जिथे कबर माहीत नसलेल्यांची नावं आहेत.

"म्हणजे त्यांच्यासाठी झेंडा लावायला जागाच नाही?" लेक म्हणाली. आम्ही कोणीच काही बोललो नाही.

दुसरं नाव नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांचं. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीकाठी त्यांनी जखमी साथीदारांना पाण्यातून ओढून आणलं आणि मग एकट्यानं तीन मशीनगन बंद पाडल्या. ते जिवंत परतले, व्हिक्टोरिया क्रॉस घेऊन. त्यांची मराठा बटालियन आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. १९४४ च्या नाताळात इटलीतल्या सेर्किओ खोऱ्यात अमेरिकन फौज जर्मन हल्ल्यापुढे मागे हटली, तेव्हा ती फळी सावरायला हीच डिव्हिजन पाठवली होती. हे मी पुढच्या वेळी पोस्टमधल्या एका आजोबांना सांगितलं. त्यांनी खुर्ची ओढली, म्हणाले, "बस, नीट सांग." मंडळी, आपल्याकडेही द्यायला गोष्टी आहेत. आपण तिथे फक्त पाहुणे म्हणून जात नाही.

आणि इथल्या सैन्यातही आपली माणसं पहिल्यापासून आहेत. भगतसिंग थिंड १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात होते, पगडीसकट. तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना नागरिकत्व नाकारलं. पहिल्या महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये कायदा झाला, तेव्हा कुठे १९३६ मध्ये त्यांना ते मिळालं. मुलांना हेही सांगा, झाकून ठेवू नका.

काही जण म्हणतील, आम्हाला यांची युद्धं पटत नाहीत. मलाही सगळी पटत नाहीत. पण खरं सांगू, त्या हॉलमध्ये युद्धाचं गुणगान फार कमी ऐकलं. कोपऱ्यात एक छोटं टेबल मांडलेलं असतं. पांढरा कपडा, एक गुलाब, लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, पालथा ग्लास आणि रिकामी खुर्ची. परत न आलेल्यांसाठी. मीठ म्हणजे घरच्यांचे अश्रू. आपल्याकडे पितरांसाठी पान वाढून ठेवतात, त्यामुळे आपल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता कामाचं. वसंतात साधारण काय काय असतं:

लेंटचे शुक्रवार: कॅथलिक लोक या दिवसांत शुक्रवारी मांस खात नाहीत, म्हणून फिश फ्राय. शाकाहारी असाल तर फ्राइज, कोलस्लॉ आणि बहुतेक ठिकाणी मॅक अँड चीज मिळतं. आधी फोन करून विचारा.

रविवारचा पॅनकेक ब्रेकफास्ट: भारतातून आलेल्या आजी-आजोबांना इथे नक्की न्या. आमचे बाबा तिथे दोन तास रमले. समोरच्याचं इंग्रजी अर्धं कळत होतं, तरी गुडघेदुखीवर दोघांचं एकमत झालं.

पॉपी डे: मेमोरियल डेच्या आधीचा शुक्रवार. दुकानाबाहेर लाल कागदी फुलं देतात, किंमत ठरलेली नसते, द्याल ते दान माजी सैनिकांसाठी जातं. आपण शाळेत ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा छोटा झेंडा खिशाला लावायचो ना, तसंच. हे फूल आपल्या खसखशीच्या फुलाचं चुलत भावंड.

मेमोरियल डे: मेचा शेवटचा सोमवार. याची सुरुवात १८६८ साली, यादवी युद्धातल्या मृतांच्या कबरींवर फुलं वाहण्यापासून झाली. झेंडा दुपारी बारापर्यंत अर्ध्यावर, मग वरपर्यंत. तीन वाजता एक मिनिट स्तब्धता. बंदुकांची सलामी असते, लहान बाळं असतील तर जरा लांब उभे राहा.

फ्लॅग डे: १४ जून. फाटलेले, विटलेले झेंडे पोस्टमध्ये नेऊन द्या, ते मानानं जाळतात. कचऱ्यात टाकू नका.

मोठ्या मुलांसाठीही बरंच आहे. लीजनचं बेसबॉल १९२५ पासून चालू आहे. हायस्कूलच्या मुलांना बॉइज स्टेट आणि गर्ल्स स्टेट, व्हीएफडब्ल्यूची 'व्हॉइस ऑफ डेमोक्रसी' स्पर्धा, आणि सहावी ते आठवीसाठी 'पेट्रियट्स पेन' निबंध. या स्पर्धांच्या तारखा शरद ऋतूत असतात, पण ओळख आत्ताच करून ठेवा.

दोन गोष्टी मुलांना आधी सांगा. "हॅपी मेमोरियल डे" म्हणायचं नाही, तो गेलेल्यांचा दिवस आहे. जिवंत माजी सैनिकांचा दिवस ११ नोव्हेंबरला. आणि "तुम्ही कोणाला मारलंत का?" हे कधीच विचारायचं नाही. "तुम्ही कुठल्या दलात होतात?" एवढं विचारलं की पुढचं ते आपणहून सांगतात, सांगायचं असेल तर.

आपली मुलं मराठी शाळेत जातात, गणपतीत लेझीम खेळतात, ते सगळं हवंच. पण ज्या गावात ती वाढतायत, त्या गावाची माणसं आणि त्या गावाचे गेलेले लोकही त्यांच्या ओळखीचे हवेत. नाहीतर वीस वर्षं राहूनही आपण त्या गावात फक्त घराचा टॅक्स भरणारे राहतो.

तेव्हा या आठवड्यात एक फोन करा. "झेंडे लावायला माणसं हवीत का?" एवढंच विचारा. मागच्या वर्षी आमच्याकडे चार मराठी कुटुंबं आली होती, यंदा मी सात धरलीत. तुमच्या गावात काय असतं, मुलांना कसं वाटलं, खाली नक्की लिहा. आणि घरात कोणी फौजेत होतं, आजोबा, पणजोबा, मामा, तर त्यांचं नाव, गाव आणि पलटण लिहा. मुलांनी ती वाचायला हवीत.